ताठ कानांची नोट

१

पुडक्यात शंभर नोटा होत्या. साहेबांनी त्या यंत्रातून दोनदा फिरवल्या. दोन्ही वेळा शंभर. कमी नाही, जास्त नाही, खोटी नाही. तरीही काचेपलीकडच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "चोरी झालीय."

"आजी, तुमच्या मुलानं मंगळवारी शंभर दिल्या, इथं शंभर आहेत. मग चोरी कशाची?"

"तुमच्या घरातली पाच माणसं बाहेर गेली आणि पाचच परत आली, पण त्यातलं एक भलतंच निघालं, तर तुम्ही काय म्हणाल? हिशेब जुळला, या बसा जेवायला?"

रांगेत कोणीतरी हसले. साहेबांना मात्र हसू आले नाही.

कागदी नोटा बंद व्हायला आल्या होत्या. त्यांच्या जागी गुळगुळीत, पाण्याने न भिजणाऱ्या नव्या नोटा आल्या होत्या, आणि लोक डब्यांतून, गाद्यांखालून, जुन्या कोटांच्या अस्तरांतून कागदी नोटा हुडकून बदलायला आणत होते. बँक त्यांची शंभराशंभराची पुडकी बांधायची. दर गुरुवारी चार वाजता गाडी यायची आणि सीलबंद पिशव्या घेऊन जायची. पुढे त्या नोटांचा भुसा होई.

आज गुरुवार होता. आजींचे पुडके पिशवीत जायचे राहिले होते, एवढेच नशीब.

आजींचे यजमान घड्याळजी. ते गेल्याला वर्ष झाले होते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या तळाशी या नोटा होत्या. मुलाने आईला न विचारता पेटी रिकामी केली आणि बँकेत आणून दिली.

"सगळ्यात वरच्या नोटेवर त्यांचं अक्षर होतं," आजी म्हणाल्या. "कोऱ्या भागात, निळ्या शाईनं. चार, मग आडवी रेघ, मग दहा. बाकीच्या नव्व्याण्णवांचा तुम्ही खुशाल भुसा करा. ती एक मला द्या, मी तिच्या बदल्यात नवी नोट देते."

"चार-दहा म्हणजे काय?"

"ते माझं मला माहीत. त्यांच्या हातचं लिहिलेलं तेवढंच आहे माझ्याकडे. पत्र नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्यांची घड्याळं बोलती केली त्यांनी; स्वतः मात्र..." आजींनी हात हलवला.

साहेबांनी शंभर नोटा टेबलावर ओळीने मांडून पाहिल्या. शाईचा ठिपका कुठेच नव्हता.

पुडक्याच्या पट्टीवर दोघींच्या सह्या होत्या. एक पहिल्या खिडकीवरच्या मुलीची, जिला अजून सगळे 'नवी' म्हणत. दुसरी तपासणीच्या टेबलावरच्या मावशींची.

"पाहिली होतीस ती नोट?" साहेबांनी नवीला विचारले.

"पाहिली. वरचीच होती. मोजून पुडकं मावशींकडे दिलं."

साहेबांनी मावशींकडे पाहिले. मावशींच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एक नोट इकडची तिकडे झालेली नव्हती. शिवाय खोटे बोलायचे नाही, असा त्यांचा नेम होता आणि तो सगळ्या बँकेला ठाऊक होता.

"मला अशी नोट पाहिल्याचं आठवत नाही," मावशी म्हणाल्या. त्या खरेच बोलल्या होत्या.

आणि त्या एका खऱ्या वाक्याने नवी खोटी पडली.

२

साहेबांनी मावशींना आत बोलावले. त्यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक नवीला नोकरीत कायम करण्याचे पत्र, दुसरा कोरा.

"आजच्या गाडीबरोबर यातलं एक वर जाणार," साहेब म्हणाले. "चारपर्यंत नोट सापडली तर या पत्रावर सही करतो. नाही सापडली तर कोऱ्या कागदावर सगळं लिहून कळवावं लागेल, आणि मग त्या पोरीला दुसरी बँकसुद्धा दारात उभी करणार नाही. मी विचारायला गेलो तर सगळे घाबरतील. तुम्ही बघा ना जरा. तुमच्यापुढं माणसं खरं बोलतात."

मावशी आपल्या जागेवर येऊन बसल्या. टेबलावर चार कप्प्यांचा लाकडी ट्रे होता. चांगल्या, मळक्या, फाटक्या आणि लिहिलेल्या, अशा चार जातींच्या नोटांसाठी केलेला. समोरच्या भिंतीवर महिन्यापूर्वीचे परिपत्रक टाचलेले होते: सर्व नोटांचा भुसाच व्हायचा असल्याने यापुढे वर्गवारी करू नये. ट्रे मात्र अजून तिथेच होता. सवयीच्या वस्तू परिपत्रकाने उठत नाहीत.

मावशींची मोजण्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती. डोळे क्षणभर मिटायचे, मग हात चालू. बोटे मोजत असत आणि मनात प्रार्थना चाललेली असे. ओठ हलत, पण आकडे त्यांवर कधीच येत नसत. शंभर झाल्या की हात आपोआप थांबे. याचे त्यांना मोठे समाधान होते. कामाची वेळही देवाच्या पदरात पडते, असे त्या म्हणत.

नवी चहाच्या खोलीत पाठमोरी उभी होती. चहा तसाच गार झाला होता.

"साय आलीय त्यावर," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला खरंच आठवत नाही, मावशी?"

"नाही गं."

"मग मीच खोटी. तुम्ही काही खोटं बोलायच्या नाही." नवीने डोळे पुसले, डाव्या हाताने. ती डावखुरी होती. नोटाही डाव्या अंगठ्याने मोजायची, त्यामुळे ओल्या स्पंजची वाटी तिच्या डाव्या हाताला असे. रांगेतली माणसे म्हणत, ही पोरगी आरशातून मोजते. "आईनं शेजारच्या काकूंना सांगूनसुद्धा टाकलंय, शनिवारी पत्र येणार म्हणून. आता काकू रोज विचारणार, पत्र आलं का, पत्र आलं का."

"ती नोट तू कुणाला दाखवलीस?"

"अल्बमभाऊंना. म्हटलं, बघा, कुणीतरी वेळ लिहून ठेवलीय."

मावशींनी कप उचलून गार चहा ओतून दिला आणि दुसरा गरम भरून तिच्या हातात दिला. मग त्या तिसऱ्या खिडकीकडे वळल्या.

३

तिसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाला जुन्या नोटा जमवायचा नाद होता. त्याच्या पिशवीत डब्याशेजारी अल्बम असे, म्हणून तो अल्बमभाऊ.

"या मावशी. मला वाटलंच. सरळ विचारा की, चोरलीस का म्हणून."

"चोरलीस का?"

"नाही."

"बरं."

"बरं काय? एवढ्यात पटलं?" अल्बमभाऊला थोडे वाईटच वाटले. "माझ्याकडं चांगलं कारण तयार होतं."

"मग सांग ते."

"लिहिलेली नोट म्हणजे चहा सांडलेला सदरा. फुकट दिली तरी जमवणारा घेत नाही. माझ्या अल्बममध्ये ठेवली तर शेजारच्या नोटा नावं ठेवतील. नवीनं दाखवली तेव्हा मीच तिला म्हटलं, छान होती गं, कुणीतरी गिरबटून वाया घालवली."

"म्हणजे तूही पाहिलीस?"

"मग! ह्या डोळ्यांनी."

नवी खोटे बोलत नव्हती, निदान नोट पाहिल्याबद्दल तरी नाही. नोट तिच्या खिडकीपर्यंत आली होती. तिथून पुढे मावशींचे टेबल, आणि मावशींच्या टेबलाशेजारी दफ्तरी.

दफ्तरी पुडक्यांच्या पट्ट्या चिकटवत स्टुलावर बसले होते. दहाही बोटांवर डिंकाचे पापुद्रे.

"मी?" ते म्हणाले. "मावशी, या बोटांनी नोट काढली असती तर ती माझ्याबरोबर घरी आली असती, चिकटून. बायको म्हणाली असती, आज पगार हातावरच दिला का?"

"तसं नाही हो. पट्टी लावताना पुडकं कुठं बाजूला राहिलं होतं का, एवढंच विचारते."

"कुठं राहणार? तुमची मोजणी झाली की नवीनं सही करून दिलेली पट्टी तुम्हीच गुंडाळता, वर तुमची सही करता. मी फक्त टोक चिकटवतो, तेही तुमच्या नाकासमोर. संध्याकाळी तुमचा ट्रे मीच रिकामा करतो. मंगळवारी शेवटच्या कप्प्यातून बारा नोटा निघाल्या, त्या किरकोळ पुडक्यात घातल्या आणि पिशवीत टाकल्या. हिशेबाला बारा, पुडक्यात बारा. बोला."

"नाही, तुमच्यावर संशय नाही," मावशी म्हणाल्या.

घड्याळात सव्वातीन झाले होते. तिघांना विचारून झाले होते आणि तिघेही खरे वाटत होते. मावशींना वाटले, माणसे खरे बोलतात तेव्हा नोटांनाच विचारायला हवे.

४

साहेबांच्या खोलीत पुडके तसेच होते. पट्टीवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी हात लावायचा नाही, म्हणून सकाळपासून ते फक्त यंत्राने मोजले होते. साहेबांनी आता ते मावशींपुढे सरकवले.

मावशींनी मोजले नाही. एकेक नोट उचलून टेबलावर ठेवली आणि प्रत्येक नोट नाकाशी नेली.

"सर्दी झालीय का?" साहेबांनी विचारले.

"वास घ्या."

साहेबांनी घेतला. "तेल?"

"घड्याळाचं. हत्यारांच्या पेटीत वर्षानुवर्षं होत्या ना."

दुसरी, तिसरी, विसावी, पन्नासावी. सगळ्यांना तोच गोडसर, पातळ वास. सगळ्या वजनाखाली दबून इस्त्री केल्यासारख्या सपाट. फक्त वरचे दोन्ही कोपरे नुकतेच मुडपलेले. जुना कागद एकदा दुमडला की दुमडलेलाच राहतो. ओल्या अंगठ्याने नोट पुढे ढकलली की तिचा कान मुडपतो. नवीच्या अंगठ्याने डावा कान, मावशींच्या अंगठ्याने उजवा. नव्व्याण्णव नोटा दोन्ही कान पाडून ऐकत बसल्यासारख्या पडल्या होत्या.

शेवटची, शंभरावी नोट मावशींनी नाकाशी धरली. तेलाचा वास नव्हता. ही परकी. भलतेच माणूस घरात आले ते हेच.

मग त्यांनी तिचे कोपरे पाहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले.

डावा कान ताठ. उजवाही ताठ.

मावशींनी नोट हळूच खाली ठेवली. मग दोन्ही हात टेबलाखाली घेतले, लहान मुलीने आईपासून लपवावेत तसे.

"काय झालं?" साहेबांनी विचारले. "पाणी देऊ?"

"नको. सगळ्यांना बोलवा, साहेब. कुणी बदलली ते कळलं."

चारला वीस मिनिटे होती.

५

खोलीत चौघे उभे राहिले. मावशी एकट्या बसल्या होत्या. नवी भिंतीला अगदी चिकटून उभी होती.

"ही बदलून ठेवलेली नोट," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून सगळे पुढे वाकले. "हिचे कान बघा. नवीनं मोजायच्या आधी ही पुडक्यात असती तर डावा कान मुडपला असता. नाही मुडपला. नवीनं मोजून झाल्यावर, माझ्याकडे द्यायच्या आधी गुपचूप घातली असती, तर माझ्या अंगठ्यानं उजवा मुडपला असता. तोही नाही. म्हणजे ही नोट आमच्या दोघींची मोजणी झाल्यानंतर आत गेली."

"आणि पट्टी लागायच्या आधी," साहेब म्हणाले. "पट्टी तर सकाळी मीच फोडली. शाबूत होती."

"हो. आणि मोजणी संपल्यापासून पट्टीपर्यंत पुडकं एकाच्याच हातात असतं." मावशींनी टेबलाखालचे हात वर आणून सगळ्यांसमोर ठेवले. "ह्या हातांत."

अल्बमभाऊने वाकून नोटेचे दोन्ही कान पुन्हा तपासले.

"बत्तीस वर्षं आम्ही लिहिलेल्या नोटा वेगळ्या काढत आलो," मावशी पुढे म्हणाल्या. "मोजताना कोऱ्या भागात शाई दिसली की नोट शेवटच्या कप्प्यात, आणि बदलीसाठी चांगल्या कप्प्यात ठेवलेली एक करकरीत नोट पुडक्यात. शंभराला शंभर. परिपत्रक मी वाचलं. हातांनी नाही वाचलं. मन प्रार्थनेत होतं. म्हणून आठवलं नाही, म्हणून मी खरं बोलले, आणि माझ्या खऱ्यापायी ही पोर दिवसभर चोर झाली."

"मावशी..." नवी म्हणाली.

"थांब. दफ्तरी, त्या बारा नोटा..."

दफ्तरींनी कपाळावर हात मारला आणि हात तिथेच क्षणभर चिकटून राहिला. "शेवटच्या कप्प्यातल्या! अहो, मी तुम्हालाच सांगितलं की दुपारी! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"सांगितलंत. मी तुमचा खरेखोटेपणा ऐकत होते, बोलणं नाही ऐकलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पंधरा मिनिटे लवकर.

दफ्तरी धावले. सात पिशव्या दाराशी रचलेल्या होत्या. मंगळवारची कोणती ते त्यांना ठाऊक होते. पण सील फोडायचे तर नोंदवहीत कारण लिहावे लागते आणि खाली नाव घालून सही करावी लागते.

साहेबांनी दार ओढून घेतले. मावशींशी बोलताना त्यांनी आवाज खाली आणला. "कारण 'पुनर्तपासणी' एवढंच लिहू. नाव माझं घालतो. तुमचं दीड वर्ष राहिलंय, रेकॉर्ड स्वच्छ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, मूठ माझी झाकली तर बोट तिच्याकडं दाखवलेलं राहतं," मावशी म्हणाल्या. "सकाळी रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलंय. नोट सापडली की लोक म्हणतील, पोरीनं घाबरून परत ठेवली."

त्यांनी नोंदवही पुढे ओढली. सुवाच्य अक्षरात लिहिले: लिहिलेली नोट तपासनीसाने चुकीने वेगळी काढून बदलली. पहिल्या खिडकीचा संबंध नाही. खाली नाव, सही, वेळ. बत्तीस वर्षांत त्या पानावर त्यांचे नाव प्रथमच आले. लिहून झाल्यावर त्यांना वाटले होते तितके जड वाटले नाही.

दफ्तरींनी सील तोडले. किरकोळ पुडके वरच होते. मावशींच्या कप्प्यातल्या बारा नोटा त्यांनी टेबलावर पसरल्या. एकीवर कोणाचा तरी फोन नंबर. एकीवर बाण मारलेले बदाम. एकीवर 'ही शेवटची, पुन्हा मागू नकोस'. एकीवर लहान मुलाने काढलेली मांजर, पाच पायांची.

आठवी नोट सपाट होती. निळी शाई, बारीक रेखीव आकडे. मावशींनी ती नवीच्या नाकाशी धरली.

"तेल," नवी म्हणाली, आणि मग तिला जे रडू आले ते दिवसभर अडवून धरलेले होते.

६

आजी सकाळपासून बाकावरून हलल्या नव्हत्या. मावशी काचेच्या आतून न बोलता बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"आजी, चोरी झाली नव्हती. चूक झाली होती, आणि ती माझी. या मुलीची नाही." हे त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, रांगेला ऐकू जाईल इतक्या.

आजींनी नोट दोन्ही हातांनी घेतली. कितीतरी वेळ त्या नुसत्या पाहत होत्या. मग त्यांनी पर्समधून एक नवी नोट काढून दिली. "ही तुमची. फिटंफाट."

"एक सांगू का आजी?" नवी खिडकीतून म्हणाली. "महिनाअखेरीनंतर ही नोट कुठंच चालणार नाही हं."

"न चालणाऱ्या वस्तूंवरच आमचं घर चाललं, बाळ." आजी हसल्या. सकाळी सांगितले नव्हते ते मग त्यांनी आपणहून सांगितले. "माझ्या लग्नाआधीची गोष्ट. वडिलांचं घड्याळ घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले होते. चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडलेलं. पैसे आधीच दिले, ही नोट. त्यांचं पावतीपुस्तक संपलेलं, म्हणून त्यांनी नोटेवरच लिहून ठेवलं, कुठल्या घड्याळाचे पैसे ते. मग घड्याळ बघायच्या निमित्तानं मी रोज जायला लागले."

"आणि झालं दुरुस्त?"

"लग्न झालं, मुलगा झाला, तरी ते रोज दोन मिनिटं मागंच पडायचं. मी म्हणायची, अहो, ही नोट मोडा की आता. तर म्हणायचे, काम पुरं झाल्याशिवाय पैसे खर्च करायचे नसतात." आजींनी नोट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "अजून पडतं मागं. दोनच मिनिटं."

गाडी साडेचारला निघाली. तिच्यात सात पिशव्या होत्या, आणि साहेबांची सही झालेले एक पत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी जागेवर आल्या तेव्हा ट्रे नव्हता. त्यांनी स्वतःच तो आदल्या संध्याकाळी दफ्तरींना देऊन टाकला होता. दफ्तरींनी त्यात डिंक, दोरा, कात्री आणि सुपारी असे चार कप्पे केले होते.

पहिले पुडके आले. मावशींनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटून बसल्या. मग उघडले आणि मोजू लागल्या.

"एक, दोन, तीन, चार..."

नवी आपल्या खिडकीवरून मान वळवून पाहू लागली. "मावशी? आज प्रार्थना नाही?"

"झाली. आता मोजणी." त्यांनी अंगठा ओला केला. "मध्ये बोलू नकोस, चुकेन. सोळा, सतरा..."

शंभर झाल्यावर त्यांनी पट्टी गुंडाळली नाही. पुडके उचलून पहिल्या खिडकीशी गेल्या आणि नवीच्या डाव्या हाताशी ठेवले.

"तू एकदा बघ," मावशी म्हणाल्या.